मास्क वाचला, पण टंचाई लपली

२०२० चा जुलै. आमच्या रुग्णालयात कोविड वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत नायलॉनची दोरी बांधलेली होती. दोरीला कपड्यांचे चिमटे, चिमट्यांना तपकिरी कागदी पिशव्या आणि प्रत्येक पिशवीवर कर्मचाऱ्याचे नाव व १ ते ५ पैकी एक आकडा. आत एक-एक एन-९५ मास्क. सोमवारी घातलेला मास्क मधले दिवस पिशवीत विश्रांती घेऊन शनिवारी पुन्हा तोंडावर यायचा. दिल्लीच्या एम्सनेही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अशीच आळीपाळीची पद्धत घालून दिली होती.

बाहेर पाऊस कोसळत होता. कर्जत-खालापुरात जुलै म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलसर, मिठाच्या बरणीत पाणी, चपलांवर बुरशी. एका सकाळी सिस्टरांनी पिशवीतून काढलेला मास्क मला लांबूनच दाखवला. तो दमट होता आणि पट्ट्याजवळ बारीक काळे ठिपके पडले होते. ‘मॅडम, हा वापरू का टाकू?’ कागदावरच्या नियमाप्रमाणे त्याचे दिवस पूर्ण झाले होते, तो वापरायला हरकत नव्हती. मी म्हटले, टाका. त्या म्हणाल्या, ‘टाकते. पण सहावा नाही.’

त्याच सुमारास खोपोलीजवळच्या कुंभिवलीच्या बाजूला घरोघर सर्वेक्षण करणाऱ्या एक आशाताई काही कामासाठी आल्या होत्या. त्यांचा मास्क पांढराशुभ्र. मी विचारले, नवीन मिळाला का? ‘नाही मॅडम, तोच आहे. रोज रात्री गरम पाण्यात साबण टाकून धुते.’ त्यांनी मनापासून घेतलेल्या काळजीनेच तो मास्क निकामी झाला होता, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते.

२०२१ मध्ये हे सगळे आठवण्याचे कारण दूरचे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० जून २०२१ रोजी एक घोषणा केली. वापरलेले एन-९५ मास्क निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याच्या यंत्रणांना दिलेल्या आपत्कालीन परवानग्या रद्द झाल्या. आता नवे मास्क पुरेसे मिळतात, तेव्हा जुने शुद्ध करून वापरणे थांबवा, असे तेथील रुग्णालयांना एप्रिलपासूनच सांगितले जात होते. आपल्याकडे तेव्हा दुसरी लाट ओसरत होती, तिसरीची तयारी करा असे राज्याचा टास्क फोर्स सांगत होता. त्या उसंतीत आपणही विचारायला हवे होते: आपल्या दोरीवरच्या पिशव्या कधी उतरणार?

मास्कमधली वीज

एन-९५ म्हणजे बारीक भोकांची चाळणी, असा बहुतेकांचा समज असतो. चाळणी असती तर धुऊन वापरता आली असती. प्रत्यक्षात मास्कच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे अतिशय बारीक, वेडेवाकडे गुंतलेले धागे असतात आणि त्या धाग्यांवर विद्युतभार कायमचा बसवलेला असतो. शाळेत आपण फणी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचो, तोच हा प्रकार. हवेबरोबर येणारा कण धाग्याजवळून जाताना ओढला जातो आणि चिकटतो. धाग्यांमध्ये मोकळी जागा भरपूर असते, म्हणून श्वास घेता येतो. विद्युतभार असतो, म्हणून कण आत येत नाहीत. तैवानमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात काम केलेले संशोधक पीटर त्साय यांनी धाग्यांवर असा भार बसवण्याचे तंत्र विकसित केले. निवृत्त झालेले हे गृहस्थ २०२० मध्ये पुन्हा प्रयोगाला बसले, ते हेच मास्क पुन्हा कसे वापरता येतील हे शोधण्यासाठी.

नावातील ९५ हा आकडा ०.३ मायक्रॉन आकाराच्या कणांची चाचणी सांगतो. त्यातले किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. हाच आकार का? मोठे कण वळणावर धाग्याला आदळतात आणि फार लहान कण इकडेतिकडे भरकटत धाग्याला चिकटतात. या दोन्हींच्या मधला, सुमारे ०.३ मायक्रॉनचा कण सर्वात चुकार. त्याला पकडायला विद्युतभारच लागतो. म्हणून भार गेला की मास्क वरून जसाच्या तसा दिसतो, पण आतून साध्या कापडाच्या जवळ पोचलेला असतो. आशाताईंच्या पांढऱ्याशुभ्र मास्कचे नेमके हेच झाले होते.

कोणता उपाय कुठे अडतो

मास्क निर्जंतुक करण्याची कुठलीही पद्धत चार परीक्षांत उतरावी लागते. विषाणू मेला पाहिजे, गाळण्याची क्षमता टिकली पाहिजे, मास्क चेहऱ्यावर पूर्वीसारखा घट्ट बसला पाहिजे आणि त्यात काही विषारी अंश उरता कामा नये. यातली पहिली परीक्षा सर्वात सोपी आहे. कोरोनाचा विषाणू तसा नाजूक आहे, साबणानेही मरतो. बहुतेक पद्धती अडतात त्या पुढच्या तीन परीक्षांत.

साबण, सॅनिटायझर आणि ब्लीचिंगचे पाणी यांनी विषाणू मरतो, पण विद्युतभारही जातो. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहभाग घेतलेल्या एका प्रयोगात अल्कोहोलने भिजवलेल्या गाळणीची क्षमता साठ टक्क्यांच्याही खाली घसरली. वॉर्डात शिरताना मास्कवर सॅनिटायझरचा फवारा मारून घेणारे अनेक सहकारी मी पाहिले आहेत. हेतू चांगला, परिणाम उलटा.

ऑटोक्लेव्ह आमच्यासारख्या प्रत्येक रुग्णालयात असतो, त्यामुळे पहिला मोह त्याचाच होतो. १२१ अंशांच्या वाफेत शस्त्रक्रियेची हत्यारे शुद्ध होतात, पण वाटीच्या आकाराच्या अनेक मास्कचा आकार आणि गाळणी दोन्ही बिघडतात. काही घडीच्या मास्कनी ही परीक्षा झेपवली. पण एकाच महिन्यात चार कंपन्यांचे मास्क येतात, तिथे कुठला झेपेल आणि कुठला नाही हे निवडत कोण बसणार?

सुमारे ७० अंशांच्या कोरड्या उष्णतेत काही काळ ठेवणे ही त्यातल्या त्यात सौम्य पद्धत. त्साय यांनीही ती सुचवली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत अशा दोन फेऱ्यांपर्यंत मास्क ठीक राहिले. मात्र तापमान स्थिर ठेवणारी भट्टी लागते आणि वीज लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा जिल्ह्याच्या मोठ्या भागातली वीज गेली होती. साथ आणि वादळ ठरवून वेगवेगळ्या महिन्यांत येत नाहीत.

अतिनील किरणांच्या पेट्या २०२० मध्ये बाजारात खूप आल्या, मोबाइलपासून भाजीपर्यंत सगळे त्यात ठेवा अशा जाहिराती झाल्या. योग्य मात्रेतले यूव्ही-सी किरण विषाणू मारतात हे खरे. पण ते सरळ रेषेत जातात. घडीच्या सावलीत, पट्ट्याच्या खाली, आतल्या थरात ते पुरेसे पोचत नाहीत. पेटीतला दिवा नक्की किती मात्रा देतो, हे मोजण्याचे साधनही बहुतेकांकडे नसते. अंगणातल्या उन्हावरही विसंबू नये. सूर्याचे यूव्ही-सी किरण वातावरणातच अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत.

हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ ही सर्वात भरवशाची पद्धत ठरली. अमेरिकेत बॅटेल या संस्थेच्या यंत्रणेला मार्च २०२० मध्ये घाईने परवानगी मिळाली. एका यंत्रणेत दिवसाला ८० हजारांपर्यंत मास्क शुद्ध करता येतील आणि एक मास्क २० वेळा वापरता येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे ही मर्यादा २० वरून चारवर आणावी लागली. शिवाय कागदाचा अंश, म्हणजे सेल्युलोज, असलेल्या मास्कना ही वाफ चालत नाही, कारण तो पेरॉक्साइड शोषून घेतो. मास्क गोळा करणे, दूरच्या केंद्रात नेणे, परत आणणे आणि ज्याचा त्यालाच देणे हा सगळा व्यापही आला. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला तो झेपेल. घाटाखालच्या ग्रामीण रुग्णालयाला नाही.

आणखी एक मार्ग आपल्या जवळचा वाटतो. ट्रॉम्बेला १९७४ मध्ये उभ्या राहिलेल्या आयसोमेड या केंद्रात गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्याची सोय झाली. मग मास्क तिथेच का पाठवू नयेत? कारण गॅमा किरण विषाणूला मारताना धाग्यांवरचा भारही घालवतात. अमेरिकेत झालेल्या चाचणीत अशा मास्कची गाळण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात घटलेली दिसली. सुया आणि हातमोज्यांना जे लागू पडते, ते मास्कला लागू पडत नाही.

उरली आमची कागदी पिशवी. काही न करता वेळ जाऊ देणे, विषाणूला आपोआप मरू देणे. बिनखर्ची पद्धत आणि भाराला धक्का नाही, हे तिचे गुण. पण किती दिवस? प्लास्टिकवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला, तर हाँगकाँगच्या संशोधकांना सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या थरावर सातव्या दिवशीही अत्यल्प प्रमाणात जिवंत विषाणू मिळाला. म्हणजे पिशवीतून काढलेला मास्कही दूषित आहे असे समजूनच हाताळायचा, घातल्यावर हात धुवायचे. शिवाय ही पद्धत कोरड्या हवेत काम करते. आमच्या जुलैत तिचे काय होते ते वर सांगितलेच.

पट्टे आधी हरतात

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे पडली. मास्क निकामी होतो तो बहुतेक वेळा विषाणू उरल्यामुळे नव्हे, तर बाजूने हवा गळू लागल्यामुळे. प्रत्येक वेळी घालताना-काढताना पट्टे ताणले जातात, नाकावरची पट्टी वाकते, कडा मऊ पडतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने टंचाईच्या काळातही एक मास्क साधारण पाच वेळांपेक्षा जास्त घालू नये असे सांगितले, ते यासाठीच. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आपत्कालीन विभागात पुन्हा पुन्हा वापरात असलेल्या मास्कची चाचणी झाली, तेव्हा ६८ जणांपैकी २६ जणांचे मास्क चेहऱ्यावर नीट बसत नव्हते. दर दहांत जवळपास चार. यात बदकाच्या चोचीसारख्या आकाराचे मास्क जास्त नापास झाले.

हा विषाणू हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत अधिक स्पष्टपणे मान्य केले. त्यामुळे ही गळती आता दुय्यम बाब राहिलेली नाही. खिडकीला कितीही चांगली जाळी लावली आणि चौकटीत फट ठेवली, तर डास फटीतूनच येणार.

आमच्याकडे किती जणांच्या मास्कची चेहऱ्यावर बसवून रीतसर चाचणी झाली? वाटपाच्या यादीत सही घेतली जाते, चेहऱ्याचे माप कुणी घेत नाही. लहान चेहऱ्याच्या सिस्टर आणि दाढी राखलेले वॉर्डबॉय यांना एकाच खोक्यातला मास्क मिळतो.

नोंदवहीत न दिसणारी टंचाई

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये पर्याय नव्हता. जगभरच मास्क मिळत नव्हते. पाच मास्क वीस दिवस पुरवणे ही तेव्हाची योग्य तडजोड होती आणि ज्यांनी ती घालून दिली त्यांनी अनेकांचे जीव वाचवले असतील. माझा आक्षेप तडजोडीला नाही. तडजोड टंचाई संपल्यावरही नियम म्हणून चालू राहते, याला आहे.

टंचाई देशाच्या पातळीवर कधीच संपली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने एन-९५ मास्कच्या निर्यातीवरचे निर्बंध उठवले. त्याच महिन्यात राज्य सरकारने एन-९५ च्या वेगवेगळ्या प्रकारांसाठी १९ ते ४९ रुपये अशी कमाल किंमत ठरवून दिली. मग ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात मास्क मोजून का राहतात?

माझ्या अनुभवातले उत्तर फारसे रोमांचक नाही. ते साठ्याच्या नोंदवहीत आहे. भांडारातून पुढच्या तिमाहीला किती मिळणार हे बहुधा मागच्या तिमाहीत किती खर्च झाले यावर ठरते. आम्ही एक मास्क चार वेळा वापरला की नोंदवहीत खर्च एकच पडतो. वर बसलेल्या अधिकाऱ्याला दिसते की इथे मास्क कमी लागतात. पुढचे मागणीपत्र त्याच हिशेबाने कापून मंजूर होते, आणि कमी आले म्हणून आम्ही पुन्हा चार वेळा वापरतो. यात कुणाची लबाडी नाही. प्रत्येक जण आपल्यासमोरच्या आकड्याशी प्रामाणिक असतो. फक्त तो आकडा गरजेचा नसतो, आम्ही केलेल्या काटकसरीचा असतो. मास्क वाचवल्याचे कौतुक होते आणि त्या कौतुकाखाली टंचाई लपते.

हिशेबच करायचा तर साधा करू. एखाद्या लहान रुग्णालयात रोज ४० जण थेट कोविड रुग्णांच्या संपर्कात येतात असे धरले आणि २८ रुपयांचा एक नवा मास्क प्रत्येकाला रोज दिला, तर ३० दिवसांचा खर्च ३३ हजार ६०० रुपये होतो. यातले चार-पाच कर्मचारी एकाच वेळी आजारी पडून विलगीकरणात गेले, तर वॉर्ड कोण चालवणार? दुसऱ्या लाटेत देशभरात सुमारे ८०० डॉक्टर दगावल्याचे भारतीय वैद्यक संघटनेने म्हटले आहे. या मृत्यूंचे खापर मास्कवर फोडणे बरोबर नाही. पण इतकी माणसे गेल्यावर महिन्याला ३३ हजारांची बचत हा मुद्दाच उरत नाही.

आशाताईंचा हिशेब तर त्याहून तंग. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर होत्या. तडजोड झाली, १ जुलैपासून मानधनात १००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता ठरला. त्या ५०० रुपयांत २८ रुपयांचे १७ मास्क येत होते. महिना मात्र तीस दिवसांचा असतो आणि भत्ता काही केवळ मास्कसाठी नव्हता.

पुढच्या लाटेआधी

रुग्णसंख्या कमी असते तोवरच हे करता येते. पहिले, नोंदवहीत एक रकाना वाढवावा: मास्क कितव्यांदा वापरला. पुन्हा वापरलेला प्रत्येक मास्क म्हणजे न मिळालेला एक मास्क, अशी नोंद व्हावी आणि मागणीपत्र गरजेवर निघावे. दुसरे, कर्मचाऱ्यांची मास्क बसवण्याची चाचणी आत्ताच करून कोणाला कुठला आकार लागतो याची यादी तयार ठेवावी. तिसरे, खरेदी करताना नुसते खोक्यावरचे नाव पाहू नये. आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि एफएफपी-२ हा वर्ग पाहावा.

आमच्या भागात कारखाने पुष्कळ आहेत आणि संकटात मदतीला धावणारे लोकही. त्यांना विनंती, की झडप असलेले मास्क देऊ नका. धुळीपासून कामगाराला वाचवायला ते ठीक आहेत, पण घालणाऱ्याचा उच्छ्वास ते न गाळताच बाहेर सोडतात. अशा मास्कविरुद्ध केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्येच राज्यांना पत्र लिहिले होते.

आणि तरीही मास्क पुन्हा वापरण्याची वेळ आलीच तर? धुऊ नका, सॅनिटायझर मारू नका, उकळू नका, इस्त्री करू नका. कागदी पिशवीत, प्लास्टिकच्या नव्हे, खेळत्या हवेच्या कोरड्या खोलीत टांगा. पाच मास्क आळीपाळीने वापरा आणि प्रत्येक वेळी पिशवीवर एक रेघ मारा. पाचवी रेघ म्हणजे शेवटची. घातल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा. कडेने वारा लागला तर तो मास्क तुमच्या कामाचा नाही. ओलसर झालेला, रक्त किंवा थुंकी उडालेला, पट्टा सैल झालेला, श्वास घेताना जड वाटणारा मास्क रेघा न मोजता टाका. रुग्णाच्या घशात नळी घालण्यासारखे काम करताना वापरलेला मास्क पुन्हा वापरू नका. टाकताना पट्टे कापा, म्हणजे तो कुणी उचलून विकणार नाही.

घरी असणाऱ्यांसाठी एवढेच: बाजारात जायला तुम्ही एन-९५ वापरत असाल तर हीच आळीपाळी पुरेशी आहे. वापरून झालेला मास्क कचऱ्यात टाकण्याआधी ७२ तास कागदी पिशवीत ठेवा आणि कापून टाका, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले होते. गंमत पाहा, कचरा उचलणाऱ्याच्या हाती देण्याआधी नागरिकाने मास्क तीन दिवस ठेवायचा, आणि जवळपास तेवढेच दिवस ठेवून तो मास्क आमच्या सिस्टरांनी पुन्हा नाकावर लावायचा.

२०२१ चा पाऊस सुरू झाला होता. दोरी तेव्हाही त्याच खोलीत होती, पिशव्या मात्र थोड्याच उरल्या होत्या. ती दोरी टॉवेल वाळत घालायला रिकामी झाली की आमची तयारी पूर्ण झाली असे मी समजणार होते.